नियतकालिक ऑनलाइन नेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

छापील अंक बंद करून नियतकालिक ऑनलाइन घेण्याचा ठराव आपल्या ग्रंथालय समितीने मंजूर केला असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. टपालात गहाळ होणारे अंक, त्यांच्यासाठी लिहावी लागणारी स्मरणपत्रे, वर्षअखेरची बांधणी आणि भरत चाललेली कपाटे या साऱ्या कटकटींतून आपण एका सहीसरशी मोकळे होणार आहात. त्यांच्या जागी ज्या नव्या कटकटी येणार आहेत त्यांचा मला अगदी ताजा अनुभव असल्यामुळे, आपल्या वाट्याला त्यांतली एकही कमी येऊ नये या सदिच्छेने पुढील सूचना देत आहे.

ठरावाची अंमलबजावणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू करावी. बहुतेक नियतकालिकांचे वर्गणीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि त्या आठवड्यात प्रकाशकाकडे फोन उचलायला सहसा कोणी नसते, त्यामुळे आपल्या कामात व्यत्यय येत नाही.

नियतकालिक नियमित वाचणाऱ्यांना काहीही विचारू नये. त्यांना मते असतात.

छापील अंक ज्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातून येतो, ते वेष्टन फाडून फेकून देण्याची प्रथा शेवटच्या अंकापर्यंत पाळावी. त्यावर चिकटवलेल्या पत्त्याच्या वरच्या बाजूला, बारीक टायपात, शून्यांनी सुरू होणारी आकड्यांची एक ओळ असते. तो आपला वर्गणीदार क्रमांक. ऑनलाइन खाते सुरू करताना प्रकाशक नेमका तोच मागतो. आपण एजंटला, म्हणजे ग्रंथालयांच्या वर्गण्या प्रकाशकांकडे भरणाऱ्या मध्यस्थाला, विचाराल, एजंट आपला बिल क्रमांक कळवील, प्रकाशकाचे संकेतस्थळ तो स्वीकारणार नाही आणि मदतकक्ष आपल्याला अत्यंत नम्रपणे पुन्हा एजंटकडे पाठवील.

यानंतर आपल्या संस्थेचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर ज्यावरून प्रकाशक आपली संस्था ओळखतो तो आकडा, मागितला जाईल. समोर दिसेल त्या संगणकावरून १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा उतरवून तत्काळ कळवावा. हे पत्ते अंतर्गत जाळ्यांसाठी राखून ठेवलेले असून जगभरच्या घरांत आणि कार्यालयांत तेच वापरले जातात, त्यामुळे आपण कोण हे प्रकाशकाला कधीच कळणार नाही. घरून वाचू पाहणाऱ्या संशोधकांसाठी प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे त्यांना संस्थेच्या पत्त्यावरून आत नेणारा मधला संगणक, लागतो, असे कोणी सांगेल. पण संशोधकांनी घरून वाचावेच कशाला?

छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांचे ओळखक्रमांक, वेगवेगळे असतात. ग्रंथालयाच्या तालिकेला हे कळू देऊ नये.

जुने बांधीव खंड मात्र विनाविलंब रद्दीत काढावेत, कारण सगळे आता ऑनलाइन आहे. सगळे म्हणजे किती, हे तपासण्याच्या फंदात पडू नये. चालू वर्गणीत बहुधा एका ठरावीक वर्षापासून पुढचेच अंक मिळतात आणि त्याआधीचा संग्रह वेगळ्या किमतीला विकला जातो. जेस्टॉरसारख्या, जुने अंक ऑनलाइन पुरवणाऱ्या संग्रहात याच्या उलट, अनेक नियतकालिकांचे अलीकडच्या काही वर्षांचे अंक दरवर्षी पुढे सरकणाऱ्या मर्यादेपलीकडे राहतात, म्हणजे मिळतच नाहीत. जुन्या अंकांच्या स्कॅनमध्ये मुखपृष्ठे, जाहिराती, क्वचित पुरवण्याही गळालेल्या असतात, आणि रंगीत आलेख करड्या छटेत आला की त्यातल्या लाल व हिरव्या रेषा जुळ्या बहिणींसारख्या दिसू लागतात. तरीही कपाटे रिकामी होतात, हे महत्त्वाचे.

आता सर्वांत मोलाची सूचना: करारनामा वाचू नये. तो लांबलचक असतो आणि ‘सगळेच सही करतात’ असे एजंटने सांगितलेले असतेच. छापील अंक घेतला की तो ग्रंथालयाचा होतो. उद्या वर्गणी थांबवली म्हणून कोणी येऊन मागचे खंड उचलून नेत नाही. ऑनलाइनमध्ये आपण नियतकालिक घेत नसून ते पाहण्याची परवानगी घेतो, आणि ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांपुरती तरी ती टिकेल का, हे करारातल्या एखाद्या कलमावर ठरते. ते कलम नसेल तर काय होते ते सांगते. आम्ही बरीच वर्षे ऑनलाइन घेत असलेले एक नियतकालिक यंदा एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेले. जुना म्हणतो, ते आता आमच्याकडे नाही. नवा म्हणतो, आपली वर्गणी याच वर्षापासून दिसते. अशा हस्तांतरात वर्गणीदारांचे हक्क कसे सांभाळावेत यासाठी ‘ट्रान्सफर’ नावाची आचारसंहिता आहे, पण ती पाळणे प्रकाशकांच्या खुशीवर आहे. मागच्या सर्व वर्षांच्या पावत्या आमच्या फायलीत आहेत, लेखांची शीर्षके आणि गोषवारेही पडद्यावर दिसतात, आणि त्यांच्याखाली ‘हा लेख विकत घ्या’ असे बटण आहे! ज्याचे पैसे एकदा मोजले तेच पुन्हा घ्या! प्रबंधातला एक संदर्भ पडताळायला विद्यार्थिनी आली, तिला निदान जुना खंड काढून द्यावा म्हणून मी आत गेले, तर तिथे आता सोफा आहे. त्या जागेला ‘वाचनकट्टा’ म्हणतात आणि तिथे वाचायला काहीही नाही.

उपरोध पुरे झाला. यातले काहीही नवीन नाही. प्रकाशकाकडचा मजकूर नाहीसा झाला तरी ग्रंथालयांकडे तो राहावा म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉक्स हा उपक्रम १९९९ साली सुरू झाला, तशाच हेतूचा पोर्टिको २००५ साली. २०१४ साली स्वेट्स ही मोठी वर्गणी एजन्सी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा आगाऊ वर्गणी भरलेल्या ग्रंथालयांचे काय होते तेही जगाने पाहिले. एवढे होऊनही समिती सदस्यहो, तुम्ही दोन ओळींचा ठराव करता, ग्रंथपालाला तो नंतर कळवता, आणि बचतीचा आकडा अहवालात ठळक छापता. त्या आकड्यातून बुडालेल्या वर्षांचे पैसे वजा कोणी करायचे? तुमच्या स्वतःच्या घराच्या भाडेकराराची तुम्ही ओळन् ओळ वाचता. ग्रंथालयाचा करार मात्र शेवटच्या पानावर, सहीच्या जागीच उघडता. वर्गणी थांबल्यावर भरलेल्या वर्षांचे अंक कोठून मिळतील, नियतकालिक दुसऱ्याकडे गेले तर जबाबदारी कोणाची, बाहेरून आलेल्या वाचकाला ग्रंथालयातल्या संगणकावर ते वाचता येईल का आणि दुसऱ्या ग्रंथालयाला लेखाची प्रत पाठवता येईल का, ही उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही करू नका आणि खंडांना हात लावू नका. प्रकाशक लेखी द्यायला तयार नसेल तर छापील अंक चालू ठेवा. जागा नाही हे कारण सांगू नका, सोफा हलवा.