राडारोडा उचलण्याआधी मालकी नोंदवा

युद्ध थांबलं की पुनर्बांधणीचे देखणे नकाशे लगेच झळकतात. माझं ठाम मत आहे की पहिला खर्च दोन गोष्टींवर व्हावा, मालकीची नोंद आणि राडारोडा.

बॉम्बशोधक पथकाने जागा सुरक्षित ठरवली की यंत्रं लावण्याआधी प्रत्येक भूखंडाचे फोटो घ्या, कोपऱ्यांची जीपीएस नोंद करा. कागद जळालेले असतात, म्हणून जुनी वीजबिलं आणि शेजाऱ्यांचे जबाबही पुरावा धरा. भाडेकरूंची नावं लिहा. घर नवऱ्याच्या नावावर होतं म्हणून विधवेला यादीतून वगळू नका. सीरियात 2018 च्या कायदा क्रमांक 10 ने पुनर्बांधणीसाठी ठरवलेल्या भागात मालकी सिद्ध करायला आधी फक्त 30 दिवस दिले होते. देश सोडून गेलेल्या माणसाने ते कसं करायचं? टीका झाल्यावर त्याच वर्षी मुदत एक वर्ष केली. लेबनॉनच्या यादवी युद्धानंतर राजधानी बैरुतच्या मध्यवर्ती भागात तर पुनर्बांधणी करणाऱ्या सॉलिदेर कंपनीने हक्कदारांना जागेच्या बदल्यात शेअर दिले. शेअरमध्ये कुणी राहू शकत नाही.

आता राडारोडा. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडू नयेत. पाणी मारून ओले करावेत आणि जाड प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनात, वर खूण करून, वेगळे ठेवावेत. मग सळई, लाकूड, विटा, काँक्रीट निवडून घ्यावं. जिप्समचं प्लास्टर मात्र कटाक्षाने बाजूला काढायचं, कारण त्यातलं सल्फेट नव्या काँक्रीटमध्ये गेलं तर ते फुगतं आणि तडकतं. सगळं एकत्र भरडणं स्वस्त वाटतं, पण पुढे फार महागात पडतं.

जुनं काँक्रीट भरडून केलेल्या खडीला सिमेंट-वाळूचा जुना मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती पाणी शोषते. मिश्रण घट्ट होतं, गवंडी वरून पाणी ओततो आणि ताकद घटते. म्हणून खडी आधीच भिजवून निथळून घ्यावी. चाचणी केल्याशिवाय ती खांब-तुळयांत वापरू नये. रस्त्याच्या खालच्या थरात मात्र ती उत्तम चालते, आणि तेवढा डोंगर कमी फोडावा लागतो.

आणखी एक, जोत्याची उंची. युद्धाने कित्येकांचे पाय नेलेले असतात. 45 सेंमी जोत्याला 1:12 उताराने (12 सेंमी लांबीला 1 सेंमी चढ) 5.4 मीटर रॅम्प लागतो, शिवाय वर-खाली व्हीलचेअर वळवायला सपाट जागा. इमारत उभी राहिल्यावर एवढी लांबी मिळत नाही. जोतं 15 सेंमीवर आणलं तर 1.8 मीटर पुरतात. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून रस्त्याची पातळी आणि गटारं त्याच वेळी ठरवावी लागतात, म्हणजे हा निर्णय पाया खोदण्याआधीच व्हायला हवा.