सांगायचे कुणी, आणि केव्हा?

6 डिसेंबर 2024 रोजी, रुमेनियाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी दोन दिवसांवर आली असताना आणि परदेशात राहणाऱ्या रुमेनियन नागरिकांचे मतदान प्रत्यक्ष सुरू झालेले असताना, तिथल्या संविधान न्यायालयाने ती निवडणूक पहिल्या फेरीसकट रद्द केली. परमुलखात रांग लावून ज्यांनी त्या दिवशी मतपत्रिकेवर शिक्का मारला होता, त्यांचे मत दिवस मावळण्याआधीच रद्दी झाले. 24 नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू या उमेदवाराने 21 लाखांहून अधिक, म्हणजे जवळपास 23 टक्के मते घेऊन पहिला क्रमांक मिळवला होता. त्याने जाहीर केलेला प्रचारखर्च होता शून्य. त्याचा सगळा बोलबाला टिकटॉकवर झाला होता, आणि त्या बोलबाल्यामागे आपोआप उसळलेली लोकप्रियता नसून बाहेरून चालवलेली खाती आहेत, असे गुप्तचर यंत्रणांचे म्हणणे होते.

या निकालावर मी तेव्हापासून विचार करतो आहे आणि अजूनही मला तो पचलेला नाही. न्यायालयाची शंका निराधार होती असे मी म्हणत नाही. एक पैसा खर्च न करता कोट्यवधी वेळा पाहिले जाणारे व्हिडिओ तयार होत नाहीत, हे कुणालाही कळते. माझा आक्षेप घटनाक्रमाला आहे. याच न्यायालयाने 28 नोव्हेंबरला फेरमोजणीचा आदेश दिला आणि 2 डिसेंबरला पहिल्या फेरीचा निकाल वैध ठरवला. 4 डिसेंबरला अध्यक्ष क्लाउस योहानिस यांनी गुप्तचर अहवाल खुले केले आणि त्यानंतर दोनच दिवसांत तीच फेरी अवैध झाली. रद्द करण्याचे कारण मतमोजणीतला फेरफार हे नव्हतेच. दुसऱ्या क्रमांकावरच्या एलेना लास्कोनी, म्हणजे जॉर्जेस्कूविरुद्ध लढणाऱ्याच उमेदवार, या निर्णयावर तुटून पडल्या. आणि सुमारे 2,700 मतांनी तिसऱ्या क्रमांकावर ढकलले गेलेले पंतप्रधान मार्चेल चोलाकू यांनी मात्र त्याचे स्वागत केले. ज्याचा पत्ता कापला गेला होता तो खूश आणि जिला संधी मिळाली होती ती नाराज, असे चित्र लोकांसमोर गेल्यावर अहवालात काय लिहिले आहे हे शांतपणे वाचायला कुणाला सवड राहणार? पुढे दोनच आठवड्यांनी रुमेनियातल्याच शोधपत्रकारांनी असे वृत्त दिले की, टिकटॉकवरच्या एका मोहिमेचे पैसे सत्तेतल्या एका पक्षाने मोजले होते आणि त्या मोहिमेचा लाभ जॉर्जेस्कूला झाला. हे खरे धरले, तर 'परकी हात' या दोन शब्दांत गोष्ट संपत नाही.

परकीय हस्तक्षेपाची चर्चा सहसा हॅकर, बनावट खाती आणि खोट्या बातम्या यांच्याभोवती फिरते. मला त्यापेक्षा अवघड वाटणारा प्रश्न वेगळा आहे. हस्तक्षेप होतो आहे हे कळलेल्या सरकारने ते मतदारांना सांगायचे की नाही, सांगायचे तर केव्हा, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या तोंडून? कारण बहुतेक वेळा सत्तेवर असलेला पक्ष स्वतःच त्या निवडणुकीत उतरलेला असतो. तो बोलला तर विरोधकाला बदनाम करतो आहे असे म्हटले जाते, गप्प राहिला तर नंतर लपवाछपवीचा ठपका बसतो. या पेचातून सुटायला माझ्या मते एकच वाट आहे. सांगण्याचे काम निवडणुकीत हितसंबंध नसलेल्या यंत्रणेकडे असावे, तिने ते मतदानाआधी आणि नेमाने करावे, आणि मतदान रद्द करण्याचे हत्यार जवळजवळ कधीच उपसू नये.

गप्प राहण्याची किंमत अमेरिकेने 2016 साली मोजली. रशियाची लष्करी गुप्तचर संस्था डेमोक्रॅटिक पक्षाच्या संगणकांत शिरली आहे हे त्या उन्हाळ्यातच यंत्रणांना कळले होते. पण ओबामा प्रशासनाला धास्ती ही होती की आपण बोललो तर ते हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने केलेले राजकारण ठरेल. समोरचा उमेदवार निवडणुकीत घोटाळा होणार असे आधीपासूनच सांगत होता. अखेर 7 ऑक्टोबरला अंतर्गत सुरक्षा खाते आणि राष्ट्रीय गुप्तचर संचालक यांच्या नावाने एक संयुक्त निवेदन निघाले. अध्यक्ष स्वतः कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. त्याच दुपारी ट्रम्प यांची स्त्रियांविषयी गलिच्छ बोलतानाची जुनी ध्वनिचित्रफीत बाहेर आली आणि त्यानंतर तासाभराच्या आतच विकिलीक्सने क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाच्या ईमेलचा पहिला गठ्ठा टाकला. त्या गदारोळात निवेदनाकडे कोण बघणार? 35 रशियन मुत्सद्द्यांची हकालपट्टी झाली ती 29 डिसेंबरला, निवडणूक होऊन सात आठवडे उलटल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

त्या काळात नेमके काय चालले होते, याचे एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. 21 मे 2016 रोजी ह्यूस्टन शहरातल्या एका इस्लामी केंद्रासमोर दोन गट जमले. एक गट 'टेक्सासचे इस्लामीकरण थांबवा' म्हणत होता, तर रस्त्याच्या पलीकडचा गट त्या केंद्राच्या बचावासाठी आला होता. मध्ये पोलीस उभे. पहिल्या गटाला 'हार्ट ऑफ टेक्सास' या फेसबुक पानाने बोलावले होते, दुसऱ्याला 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' या पानाने, आणि ही दोन्ही पाने सेंट पीटर्सबर्गमधल्या 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' नावाच्या एकाच कार्यालयातून चालत होती. दोन्ही बाजूंचा जाहिरातखर्च मिळून साधारण 200 डॉलर आल्याचे पुढच्या वर्षी सिनेटच्या सुनावणीत सांगण्यात आले. एकमेकांकडे बघून ओरडणाऱ्या त्या लोकांना आपला संयोजक एकच आहे आणि तो समुद्रापलीकडे बसला आहे याची पुसटशीही कल्पना नव्हती. (हे सगळे घडले ते याच फेसबुकवर, जिथे मी हे लिहितो आहे आणि तुम्ही वाचता आहात.) मात्र रशियाने तो राग तिथे निर्माण केला नव्हता. राग आधीपासून होता. त्याला तारीख, वेळ आणि पत्ता तेवढा पुरवला गेला.

फ्रान्सने 2017 मध्ये वेगळ्या रीतीने तोंड दिले. 7 मे रोजी अंतिम मतदान होते. 5 मेच्या रात्री, प्रचार कायद्याने थांबायला काही तास उरले असताना, इमान्युएल मॅक्रॉन यांच्या प्रचारपथकाकडून चोरलेली सुमारे नऊ गिगाबाइट कागदपत्रे आंतरजालावर ओतली गेली. वेळ हेरूनच साधली होती, कारण मध्यरात्रीनंतर उमेदवाराला खुलासा करायलाही तोंड उघडता येणार नव्हते. पण प्रचाराची शांतता पाळण्याचा तोच नियम ढालीसारखा कामी आला. प्रचारावर देखरेख करणाऱ्या आयोगाने प्रसारमाध्यमांना सांगितले की, यात खोटा मजकूर मिसळलेला असण्याचा संभव आहे, तेव्हा हे छापू नका. आणि 'ल मोंद'सारख्या वृत्तपत्राने मतदानापूर्वी यातले काही छापणार नाही असे आपल्या वाचकांना कळवले. आयोगाने रशियाचे नाव घेतले नाही, घेण्याइतका पुरावाही तेव्हा हाती नव्हता. या हल्ल्यामागे रशियाची लष्करी गुप्तचर संस्था होती असे फ्रेंच सरकारने अधिकृतपणे म्हटले ते एप्रिल 2025 मध्ये, आठ वर्षांनी. रुमेनियात जे दोन दिवसांत आटोपले त्याच्या शेजारी ही आठ वर्षे ठेवून पाहा. चोर कोण हे ठरवायला वेळ लागतो. माल चोरीचा आहे एवढे मात्र त्याच रात्री सांगता येते, आणि मतदाराला तेवढे पुरते.

कॅनडाची गोष्ट लांबलेली, पण शिकण्यासारखी आहे. 2019 मध्ये तिथे पाच ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांचे मंडळ नेमले गेले. निवडणूक मुक्तपणे पार पडण्यालाच धोका आहे असे त्यांना वाटले तर त्यांनी जनतेला सावध करावे, अशी ती योजना होती. कागदावर उत्तम. पण धोक्याची पातळी इतकी उंच ठेवली होती की 2019 आणि 2021 या दोन्ही निवडणुकांत मंडळाने एक शब्दही उच्चारला नाही. नंतर गुप्त अहवालांतली माहिती वृत्तपत्रांतून झिरपू लागली, संशयाचा धुरळा उडाला आणि संसदेतल्या लोकांवर फितुरीचे आरोप होऊ लागले. शेवटी न्यायमूर्ती मारी-जोजे ओग यांच्या आयोगाला सगळे उकरून काढावे लागले. जानेवारी 2025 च्या अंतिम अहवालात त्यांनी म्हटले की, हस्तक्षेप झाला, पण त्यामुळे सत्तेवर कोण येणार हे बदलले नाही. आणि माहिती लोकांपर्यंत पोचवण्यात सरकार कमी पडले. त्यानंतर तीनच महिन्यांनी आलेल्या निवडणुकीत अधिकारी नियमित पत्रकार परिषदा घेऊ लागले. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेले वीचॅट या चिनी समाजमाध्यमावरचे एक खाते पंतप्रधान मार्क कार्नी यांच्याबद्दलचा मजकूर पसरवते आहे, असे त्यांनी प्रचार ऐन रंगात असताना सांगितले. दोन आठवड्यांनी विरोधी पक्षाचे उमेदवार जो टे यांच्याविरुद्ध चाललेल्या मोहिमेबद्दलही सांगितले. दोन्ही बाजूंची नावे एकाच टेबलावरून, सारख्याच स्वरात घेतली गेली. आकाश काही कोसळले नाही.

अर्थात, सगळा हस्तक्षेप पडद्यावर होत नाही. मोल्दोवामध्ये तो रोख रकमेच्या रूपात आला. एप्रिल 2024 मध्ये मॉस्कोतल्या एका मेळाव्याहून परतलेल्या शंभरहून अधिक प्रवाशांकडे किशिनाऊच्या विमानतळावर मिळून दहा लाख डॉलरहून जास्त रोकड सापडली. मॉस्कोत जाऊन बसलेल्या इलान शोर या फरारी धनाढ्याने मते विकत घेण्याचे जाळे विणले असून त्यातून एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांना पैसे पोचले, असे पोलिसांनी मतदानाआधीच जाहीर केले होते. 20 ऑक्टोबरला अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीसोबत झालेल्या सार्वमतात युरोपीय संघाच्या बाजूने कौल लागला तो जेमतेम 50.35 टक्क्यांनी. मतदान करून बाहेर आलेल्या एका बाईने माझे पैसे कुठे मिळणार म्हणून केलेली विचारणा बीबीसीच्या प्रतिनिधीने ऐकली होती. तरीही मोल्दोवाने मतदान रद्द केले नाही. पैशाच्या वाटा शोधून बंद केल्या, आणि दोन आठवड्यांनी माया सांदू 55 टक्के मतांनी पुन्हा अध्यक्ष झाल्या.

घरभेद्याशिवाय बाहेरच्याला आत येता येत नाही, हे जुने आहे. ब्रिटनमध्ये 1924 साली मतदानाच्या चार दिवस आधी 'डेली मेल'ने मॉस्कोतल्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे प्रमुख झिनोव्हिएव्ह यांचे म्हणून एक पत्र छापले. मॉस्को ब्रिटिश कामगारांना क्रांतीसाठी चिथावते आहे असा त्याचा मतलब होता. मजूर पक्ष हरला आणि पक्षाने पुढे कित्येक वर्षे त्या पत्राला दोष दिला. परराष्ट्र खात्याच्या इतिहासकार जिल बेनेट यांनी 1999 मध्ये कागदपत्रे तपासली, तेव्हा पत्र बनावट असावे आणि ते वृत्तपत्रापर्यंत पोचवण्यात बहुधा ब्रिटिश गुप्तचर वर्तुळातल्याच माणसांचा हात असावा, असा निष्कर्ष निघाला. गंमत अशी की त्या निवडणुकीत मजूर पक्षाची मते घटली नाहीत, सुमारे दहा लाखांनी वाढली. कोसळला तो लिबरल पक्ष. आणि मोठ्या सत्तांपैकी कुणाचेच हात स्वच्छ नाहीत. डव्ह लेव्हिन या अभ्यासकाने 1946 ते 2000 या काळातले असे 117 हस्तक्षेप मोजले आहेत, त्यांतले 81 अमेरिकेचे आणि 36 सोव्हिएत संघ किंवा रशियाचे.

परकी हाताची भीती सत्ताधाऱ्यांना किती सोयीची असते, हे जॉर्जिया या देशात दिसले. 20 टक्क्यांहून अधिक निधी परदेशातून घेणाऱ्या संस्थांनी परकी हितसंबंध जोपासणाऱ्या म्हणून नोंदणी करावी, असा कायदा 2024 मध्ये अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून संमत झाला. त्याचा रोख होता निवडणुकीवर नजर ठेवणाऱ्या संस्थांवर आणि पत्रकारांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तैवान कित्येक वर्षांपासून चीनच्या अपप्रचाराचे लक्ष्य आहे. तिथेही घुसखोरीविरोधी कायदा आहे, 31 डिसेंबर 2019 रोजी संमत झालेला. पण मला जास्त भरवसा वाटतो तो दुपारी चारनंतर तिथल्या मतदान केंद्रांत जे चालते त्याचा. दारे उघडीच राहतात आणि त्याच खोलीत मोजणी सुरू होते. एक कर्मचारी मतपत्रिका दोन्ही हातांनी उंच धरून नाव पुकारतो, दुसरा तेच नाव पुन्हा म्हणतो, तिसरा भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढतो. पाच रेघांचे एक चिनी अक्षर पुरे झाले की पुढचे. समोर कुणीही नागरिक उभा राहून बघू शकतो. जानेवारी 2024 च्या निवडणुकीनंतरही मोजणीत लबाडी झाल्याचा दावा करणाऱ्या चित्रफिती फिरल्याच, आणि निवडणूक आयोगाने त्यांचे खुलासे केले. पण त्या खुलाशांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला तिथल्या माणसाला सरकारवर विसंबून राहावे लागले नाही. आदल्या संध्याकाळी शेजारचाच कुणीतरी त्या रेघा मोजत उभा होता.