हयातीचा दाखला आणि मामांचा फॉरवर्ड

परवा सकाळी सहाला मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. दुपारपर्यंत तोच मला शिकवणीच्या पालकांच्या ग्रुपवर भेटला आणि रात्री सोसायटीच्या. म्हणजे बराच फिरतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी सार असं: 'स्वतःवर माया करा, स्वतःला माफ करा, ही आजची फॅशन आहे. स्वतःला गोंजारणारा माणूस आळशी होतो. माफ करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. हे पाश्चात्त्यांचं खूळ. आपल्या संतांनी मनाला चाबकानं हाकायला शिकवलं. आमच्या आज्या-पणज्यांना डिप्रेशन माहीत नव्हतं, कारण त्यांना रिकामा वेळच नव्हता.' शेवटी जोडलेले हात, तीन वेळा.

मामांवर माझा राग नाही. बाबा गेल्यावर आमचं सगळं त्यांनीच निस्तरलं. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी स्वतःवर वापरून पाहिलेलं आहे, म्हणून उत्तर देतेय.

'स्वतःला गोंजारणारा माणूस आळशी होतो.'

बाबा प्राथमिक शिक्षक होते. आईला त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर शिकवणीच्या सराव परीक्षा लागल्या आणि मी तो साफ विसरले. एक दिवस आई म्हणाली, "अगं, या महिन्याचे पैसे पडले नाहीत वाटतं." मी पासबुक हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि मनातल्या मनात स्वतःला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातल्या त्यात सौम्य वाक्य होतं, 'दहावीच्या पोरांना वेळेचं नियोजन शिकवते म्हणे!'

फॉरवर्डच्या हिशेबानं एवढे फटके खाल्ल्यावर मी दुसऱ्या दिवशी बँकेचं शटर उघडायच्या आधी दारात हवी होते. प्रत्यक्षात मी एकोणीस दिवस गेले नाही. मंडईचा रस्ता बँकेवरून जातो, तर मी मागच्या गल्लीनं भाजीला जाऊ लागले. आईला सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे. रोज रात्री स्वतःला शिव्या, रोज सकाळी नवं कारण. शेवटी शेजारच्या वहिनींना बोलता बोलता सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांचाही राहिला होता की एकदा. चल, मलाही लॉकरचं काम आहे." वीस मिनिटांत काम झालं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. थकलेले पैसेही नंतर जमा झाले.

एकोणीस दिवस चाबूक चालला आणि मी जागची हलले नाही. हलवलं ते 'आमचाही राहिला होता' या वाक्यानं.

ही माझ्या एकटीची गोष्ट असती तर मी गप्प बसले असते. 2012 साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दांची परीक्षा दिली. निकाल वाईटच लागणार होता. मग काहींना सांगितलं, ही परीक्षा बऱ्याच जणांना जड जाते, स्वतःला फार लावून घेऊ नका. काहींना सांगितलं, तुम्ही इथवर पोचलात म्हणजे हुशारच आहात. काहींना काहीच नाही. पुढच्या परीक्षेसाठी हवा तेवढा अभ्यास करायची मोकळीक दिल्यावर जास्त वेळ बसला तो पहिला गट. दुसऱ्या गटाचं मला शिक्षिका म्हणून फार वाटलं, कारण 'तू हुशार आहेस रे' हे आपण मुलांना उठता-बसता सांगतो आणि वाटतं, झालं काम.

त्याआधी 2010 मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला होता. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात ज्यांनी चालढकल केली होती, त्यांच्यापैकी स्वतःला माफ करणाऱ्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. विद्यार्थी थोडे, देश दुसरा, हे मान्य. पण माझ्या एकोणीस दिवसांचा अर्थ मला त्यातून लागला: काम समोर आलं की त्याच्यामागून शिव्याही येतात, म्हणून आपण काम टाळत नसतो, शिव्या टाळत असतो.

'माफ करणं म्हणजे जबाबदारी झटकणं.'

माझ्या शिकवणीत एक मुलगी आहे. गणित चुकलं की खोडरबर इतकं जोरात घासते की कागदाला भोक पडतं. मग त्या भोकावर तळहात ठेवून बसते. मी जवळ गेले की वही मिटते. आता ती चूक मी कशी दाखवू? चिन्ह बदलायचं राहिलंय एवढंच असतं बहुतेक वेळा. पण तिच्या लेखी चिन्ह चुकलेलं नसतं, ती स्वतः चुकलेली असते.

'उत्तर चुकलं' आणि 'तू चुकीची आहेस' यांतला हा फरक अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या मुळाशी ठेवला होता: कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका. जबाबदारी घ्यायची तर आधी वही उघडायला हवी. मार बसणार हे ठाऊक असलेलं मूल वही उघडत नाही.

'हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे.'

शब्द तिकडचा, हे खरं. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये सेल्फ-कम्पॅशनची, म्हणजे स्वतःवरच्या मायेची, व्याख्या केली आणि ते मोजायला 26 विधानांची प्रश्नावली बनवली. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: स्वतःशी मायेनं वागणं, हे सगळ्याच माणसांचं होतं याची आठवण ठेवणं आणि दुःखाकडे ते न दाबता, न फुगवता पाहणं. पण ही कल्पना आपण बौद्ध साधनेतून घेतली, हे त्या स्वतःच सांगतात. म्हणजे माल इथलाच, परत आला तो वेष्टन बदलून. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात शेवटाला मैत्री-भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात. आणि पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या बौद्ध भाष्यकारांनी लिहून ठेवलंय की मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करावी.

आता संतांचा चाबूक. मामा रोज संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणतात, 205 त्यांना तोंडपाठ आहेत. समर्थ मनाला दटावतात, हे करू नको, ते सोड म्हणतात, यात शंका नाही. पण हाक कशी मारतात? 'मना सज्जना.' ज्याला वळण लावायचं त्याला आधी सज्जन म्हटलंय. मी त्या दिवशी ओट्याशी स्वतःला जी हाक मारली, ती सज्जना नव्हती.

'आज्या-पणज्यांना डिप्रेशन माहीत नव्हतं.'

शब्द माहीत नव्हता. 'डोक्यात काही तरी बिघडलंय', 'बाहेरचं झालंय', 'तिनं अंथरूण धरलं', हे शब्द माहीत होते. ज्यांना निभावता आलं नाही त्यांची नावं घरात कोणी काढत नाही, म्हणून सगळ्यांनाच निभावता आलं असं आपल्याला वाटतं.

आणि ज्यांनी निभावलं त्या काय मुक्यानं दळत होत्या? गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. सासुरवास, माहेरची ओढ, गेलेलं मूल, दारुडा नवरा, सगळं त्यात आहे. पहाटे जात्यावर समोरासमोर बसून एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं धरायची. आपलं दुःख नीट शब्दांत सांगायचं, ते एकटीचं नाही हे समोरचीच्या सुरातून कळायचं. नेफबाईंची यादी पुन्हा वाचून पाहा. पणजीला रिकामा वेळ नव्हता हे खरंच, पण तिच्याकडे जातं होतं आणि जात्याला दुसऱ्या बाजूनं धरणारा हात होता. माझ्याकडे मिक्सर आहे.

एका मुद्द्यावर मात्र मामांशी सहमत.

सुगंधी मेणबत्त्या, 'मी टाइम'च्या नावानं विकले जाणारे फेशियल, रील बघत लोळलेला रविवार, यांना स्वतःवरची माया म्हणत असाल तर तो फॉरवर्ड मीही पुढे पाठवीन. तसंच 'माझ्याच नशिबी का' हे रडगाणंही माया नव्हे. ती स्वतःची कीव. कीव करणारा म्हणतो माझ्यासारखं कोणाचंच नाही, आणि वहिनी म्हणाल्या आमचाही राहिला होता. शिवाय झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणंच नकोसं झालंय, अशा अवस्थेत स्वतःशी गोड बोलून भागत नाही. तिथे डॉक्टर लागतो. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पाय मोडला तर आपण त्याला 'सज्जना' म्हणत बसत नाही.

हे सगळं थोडक्यात करून मी रविवारी ग्रुपवर टाकलं. मावशीनं अंगठा दाखवला, भावानं 'एवढं कोण वाचणार' म्हटलं. मामा तासभर 'टायपिंग'वर होते. मग आलं ते एवढंच:

"यंदाचा दाखला दिलास का?"

"दिला मामा. तीन तारखेला."