शंका जपून वापरावी

महानायकांचे, म्हणजे सुपरहिरोंचे, आणि विज्ञानकथांचे चित्रपट वर्षातून दोन-तीन, तेही हिंदी आवाजात आणि बहुधा नांदेड-मुंबई गाडीच्या वरच्या बर्थवर मोबाईल छातीशी उभा करून पाहणाऱ्या सज्जनांनी या विषयावर मत देण्यास मुळीच कचरू नये. मत देण्यासाठी चित्रपट शेवटपर्यंत पाहावा लागतो, हा अरसिकांनी पसरवलेला गैरसमज आहे. आपल्याजवळची शंका कुठे खर्च करावी आणि कुठे राखून ठेवावी, एवढे तारतम्य असले म्हणजे पुरे. शंकेचा साठा प्रत्येकाजवळ बेताचाच असतो आणि तो पहिल्या पाच मिनिटांत संपवून बसलेल्या माणसाला उरलेले अडीच तास फार जड जातात.

म्हणून आरंभीच्या गोष्टी मुकाट्याने मान्य कराव्यात. कोळी चावल्यामुळे मुलगा भिंतीवर चढू लागला आणि गॅमा किरण अंगावर पडल्यामुळे शास्त्रज्ञाचा हिरवा राक्षस झाला, हे जगाने १९६२ सालापासून मान्य केलेले आहे. परभणीत बसून आपण एकट्याने हरकत नोंदवण्यात अर्थ नाही. हरकत घ्यायची ती पोशाखावर. सुपरमॅन १९३८ साली अवतरला तो विजारीवरून चड्डी घालूनच. २०१३ च्या चित्रपटाने ती उतरवली, २०२५ च्या चित्रपटाने ती सन्मानाने परत चढवली, आणि या दोन्ही निर्णयांवर अधिकारवाणीने बोलण्यासाठी कोणतीही पूर्वतयारी लागत नाही.

गगनचुंबी इमारतीवरून कोसळणाऱ्या नायिकेला नायक जमिनीपासून हातभर उंचीवर झेलतो, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात. तेवढा वेग एका क्षणात शून्यावर आला, तर फरशीवर आदळणे आणि पोलादी बाहूंवर आदळणे यांत शरीराच्या दृष्टीने फारसा भेद उरत नाही, हा विचार मनात आणू नये. १९७३ साली स्पायडरमॅनच्या चित्रकथेत हा हिशेब एकदाच प्रामाणिकपणे मांडला गेला होता. पुलावरून पडणारी प्रेयसी जाळ्याने अडवली गेली खरी, परंतु त्या झटक्यानेच तिची मान मोडली. असल्या गोष्टी ठाऊक असणारा गृहस्थ शेजारच्या खुर्चीत आला, तर आपण जागा बदलावी.

मध्यंतरानंतर परग्रहवासी येतात. ते बहुधा न्यूयॉर्कवरच येतात, आणि आपल्याकडे का येत नाहीत, याची खंत आपण बाळगू नये; येणाऱ्याला उतरल्यावर हातपाय धुण्यापुरते तरी पाणी हवे असते. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाची खरी कसोटी याच प्रसंगात लागते. राक्षस मोटार उचलून फेकतो, ती रस्त्याकडेच्या आगीच्या नळावर आदळते आणि पाण्याचा दुमजली कारंजा उसळतो. निम्मे शहर जमीनदोस्त झालेले असते, वीज गेलेली असते, पूल तुटलेला असतो, परंतु जलवाहिनीतला दाब तसूभरही उतरलेला नसतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले आणि दहा वाघिणींच्या पहिल्या खेपेतले सुमारे पाच लाख लिटर पाणी पाहण्यासाठी लोक स्थानकावर जमले, तिथल्या प्रेक्षकाची नजर अशा वेळी राक्षसावरून ढळते आणि त्या नळावर जाऊन खिळते. हे अभिरुचीला शोभत नाही. ‘अरे, कोणीतरी तो नळ बंद करा’ असे चित्रपटगृहात मोठ्याने ओरडणे तर निश्चितच टाळावे. जायकवाडीच्या उशाशी राहूनही पाण्याच्या पाळीचा दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयात खुणा करून ठेवणाऱ्या छत्रपती संभाजीनगरकरांनी तर या दृश्यापुरते डोळेच मिटून घेतलेले बरे.

समांतर विश्वे आणि श्रेयनामावलीनंतरचे छुपे दृश्य या बाबी आपण सोडून द्याव्यात. नावे पडद्यावर येऊ लागताच चित्रपटगृहातले दिवे लागतात आणि झाडूवाला आपल्या पायांशी येऊन उभा राहतो, त्यामुळे हा प्रश्न परस्पर सुटतो.

चित्रपटातून मिळवलेले ज्ञान बाहेर वापरण्याची उत्तम जागा म्हणजे वेरूळ. पाहुण्यांना कैलास लेणे दाखवताना ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, एकाच कातळातून वरून खाली कोरत आणले गेले, असली रूक्ष माहिती देत बसू नये. परग्रहावरच्या लोकांनी यंत्राने कोरले, असे सांगावे. पाहुणे ताबडतोब मोबाईल बाहेर काढतात. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात आणि अजिंठ्यात अर्धवट सोडलेली लेणी काम कसे चालत असे ते पायरीपायरीने दाखवतात, परंतु त्यासाठी भिंतीजवळ जावे लागते. शिवाय श्रेय पाथरवटांना दिले, तर त्यांना पगार किती होता, असा प्रश्न एखादे पोर विचारू शकते. इथे शंकेचा एक थेंबही सांडू नये.

आता साठवलेली सगळी शंका कुठे ओतायची, ते सांगतो. २०१४ साली आलेला ‘इंटरस्टेलर’ आपण निदान अर्धा तरी पाहिलेला असतो, कारण त्याच्या आरंभी शेतकरी आहेत, धुळीची वादळे आहेत, रोगाने एकेक पीक कायमचे नाहीसे होत आहे आणि भेंडीचाही शेवटचा हंगाम येऊन ठेपला आहे. पीकविम्याचा उल्लेख नाही, एवढीच पटकथेतली उणीव. पुढे एका ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांइतका ठरतो. या ठिकाणी तहसील कचेरीचा विनोद करू नये. तो मागच्या रांगेतून आधीच झालेला असतो.

या चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-दाबत जाणाऱ्या लहरींच्या, शोधासाठी २०१७ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली लहर सुमारे १३० कोटी वर्षांचा प्रवास करून १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन यंत्रणांमध्ये नोंदली गेली. तशीच यंत्रणा, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांची आणि त्या भुजांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉन या अणुगर्भातल्या कणाच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपण्याच्या अपेक्षेची, आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायची ठरली असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

हे कोणी सांगू लागला, की आपण ताठ बसावे. ‘इंटरस्टेलर’मध्ये काळाच्या पलीकडून पुस्तकांच्या कपाटामागे बसून मुलीशी बोलणारा बाप आपण विनातक्रार स्वीकारला होता, त्याचे उट्टे इथे काढावे. इतके बारीक कधी मोजता येते काय, असे विचारावे. त्या यंत्रणेने पाऊस वाढणार की आहे तो ढग पळणार, किल्लारीसारखा भूकंप होणार नाही याची हमी कोण देणार, कंत्राट कोणाच्या मेहुण्याला मिळाले आणि शिपायांची भरती कधी निघणार, हेही एका दमात विचारावे. सांगणाऱ्याने शांतपणे उत्तरे द्यायला सुरुवात केलीच, तर मोबाईल पाहावा. पुढच्या महिन्यात लागणाऱ्या महानायकाच्या हिंदी झलकेत एक माणूस हातोडा फिरवून आभाळातून वीज बोलावत असतो आणि ती अगदी वेळेवर येते.