चालीवर लिहिणं म्हणजे सुतारकाम?

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नव्याने गीतं लिहिणाऱ्यांनी तयार चालीवर शब्द बसवण्याचा सराव करावा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘हे सुतारकाम झालं. अनुभव खरा असेल तर मात्रा मोजाव्या लागत नाहीत. आधी कविता, मग चाल, हाच आपला रिवाज.’

आधी रिवाजाबद्दल. जात्यावर बसलेली बाई रोज नवी चाल शोधत नव्हती. चाल आईकडून आलेली, जात्याच्या फेऱ्यात मुरलेली. त्यात ती आपले शब्द घालायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. भाऊबीज, सासर, पाऊस, मेलेलं लेकरू, सगळं त्यात आहे. यातला अनुभव खोटा म्हणायची माझी तरी छाती नाही. संगीत नाटकांतही तेच. ‘मानापमान’साठी (1911) गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, ‘स्वयंवर’साठी (1916) भास्करबुवा बखले यांनी, दोन्हींची पदं नाटककार कृ. प्र. खाडिलकरांनी त्या चालींवर लिहिली. शब्द आधी असलेली थोर गाणी आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण चाल आधी आली म्हणून शब्द हलके होतात, हे मला मान्य नाही.

आता मात्रांबद्दल, म्हणजे तालातल्या मोजमापाबद्दल. इथे माझाच अनुभव सांगते. दादऱ्यातल्या, म्हणजे सहा मात्रांच्या तालातल्या, एका चालीवर मी माहेरचं गाणं लिहीत होते. एका ओळीत ‘परसातली विहीर’ आलं. वहीत छान दिसत होतं. पण चालीतला सगळ्यात उंच आणि लांबलेला सूर नेमका ‘ही’वर पडत होता. गाणारी मैत्रीण तिथे पोचली की आवाज चिमटल्यासारखा व्हायचा. तार सप्तकात ‘ई’ लांबवणं अवघड, ‘आ’ला तोंड मोकळं उघडतं. आठवडाभर शब्द शोधला आणि मिळाला तो ‘आड’. मग लक्षात आलं, की आमच्या परसात विहीर कधी नव्हतीच. होता तो आडच, अरुंद, दगडी काठाचा, रहाटाच्या दोराने घासलेला. ‘विहीर’ मी कवितांमधून उचलली होती. घरातला खरा शब्द मला चालीने शोधायला लावला.

मोजणं म्हणजे नुसते आकडे जुळवणं नव्हे. केरवा तालाच्या आठ मात्रांत सम, म्हणजे पहिली, जोराची मात्रा, कुठल्या शब्दावर येते ते बघायचं असतं. ती ‘आणि’वर आली, तर ओळीचा सगळा जोर रिकाम्या जागी जातो. गाणारा श्वास कुठे घेईल, तेही बघावं लागतं. ‘वाट पाहू नको’ ही साधी ओळ घ्या. ‘पाहू’नंतर चाल थांबली, तर ऐकणाऱ्याला क्षणभर ‘वाट पाहू’ एवढंच ऐकू येतं, नेमकं उलट. वाचक मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो. गाणं ऐकणाऱ्याला ती सोय नाही, सूर पुढे गेलेला असतो. म्हणून गाण्यातला शब्द कानावर पडता क्षणीच कळला पाहिजे.

तुमचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते. चालीवर लिहिताना मात्रा भरायला ‘ग’, ‘रे’, ‘सखे’, ‘साजणी’ सर्रास घातले जातात. लेखात दिलेल्या माझ्या नमुन्यातही दुसऱ्या कडव्यात ‘ग’ तीनदा आलाय आणि त्यातला एकच बोलणारीच्या तोंडचा वाटतो. बाकी दोन भरीचे आहेत. ते मी आज काढते आहे.

तुम्ही सोबत पाठवलेल्या पावसाच्या चार ओळी दादऱ्यात म्हणून पाहिल्या. पहिल्या दोन ओळी आपसूक बसल्या, मात्रा न मोजताही; तुमचा कान चांगला आहे. तिसऱ्या ओळीतल्या ‘अस्तित्व’पाशी जीभ दोनदा अडखळते, कारण जोडाक्षरावर जोडाक्षर आलंय. कागदावर तो शब्द राहू द्या. पण ती ओळ कुणी गावी असं वाटत असेल, तर एकदा मोठ्याने म्हणून बघा आणि त्या पावसात तुमच्या अंगणात नेमकं काय भिजत होतं, ते मला कळवा.