‘१९३० ला फोन केला की विषय संपला’? नाही संपत!

कोल्हापुरात गल्लीच्या, तालमीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “तुमच्या आधार-पॅनवर कुणी परस्पर कर्ज उचललं तर १९३० ला फोन करा, आधार लॉक करा, झालं. सही तुमची नाही, मग वसुलीला कोण येणार? पोलिसांत जाऊन उपयोग नाही, गुन्हा घडला तिथंच तक्रार घेतात.” यावर विसंबलेला माणूस आणखी अडकेल, म्हणून हे लिहितोय.

१९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. खात्यातून पैसे गेले असतील तर पहिला फोन तिथंच करायचा. पैसे पुढं सरकण्याआधी गोठवता येतात. परस्पर उचललेल्या कर्जात मात्र तुमच्या खात्यातून काही गेलेलंच नसतं. अडकलेलं असतं तुमचं नाव, आणि ते सोडवायला कागद लागतात.

आधारच्या बायोमेट्रिक लॉकनं ठसे, डोळे, चेहरा यांवरची पडताळणी थांबते. ओटीपी चालूच राहतो. लॉक जरूर करा, पण उचललेलं कर्ज त्यानं मिटत नाही.

सगळ्यात घातक सल्ला गप्प बसण्याचा. हप्ते थकतात, थकबाकी तुमच्या नावावर चढते आणि उद्या पोरीच्या शिक्षणासाठी बँकेत गेलात की अर्ज तिथंच अडतो. कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा: हे कर्ज माझं नाही, केवायसीची कागदपत्रं आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते दाखवा. सोबतच प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीकडं हरकत नोंदवा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या अशा चार कंपन्या वर्षातून एकदा तुमच्या कर्जांचा पूर्ण अहवाल फुकट देतात. चारही काढा, एकीकडं न दिसलेलं कर्ज दुसरीकडं सापडू शकतं. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दिवस मोजायला पोच हवी, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि पोलीस? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कुठंही घडलेला असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. कर्ज दिल्लीतून उचललेलं असलं तरी शाहूपुरी किंवा राजारामपुरी ठाण्यात जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी मध्ये दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तो हक्क याच कलम १७३ मध्ये आहे. वसुलीवाला दारात आला तर हातात एफआयआरची प्रत असू दे.

मेसेजात सिमकार्डाचा तर उल्लेखच नाही. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. अनोळखी असेल तो तिथंच ‘माझा नाही’ म्हणून कळवा, नाहीतर पुढच्या कर्जाचा ओटीपी त्याच नंबरावर जाईल.