उभी बेरीज, आडवी बेरीज

‘मज्जा हाय बाबा तुमची, दीड महिना सुट्टी!’ हे वाक्य एप्रिल लागला की मास्तर दिसेल तिथं ऐकवायचं, असा आमच्या कोल्हापूरकडं रिवाजच आहे. रिक्षावाला ऐकवतो, मिसळीवर कट ओतणारा ऐकवतो, सख्खा मेव्हणाही सोडत नाही. या सगळ्यांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. सुट्टी लागायच्या आधीचे तीन आठवडे शाळेत येऊन बसा. चहा आमचा. येताना तेवढा कॅल्क्युलेटर घेऊन या, कारण आमच्याकडच्याचं सातचं बटण अडकतं.

शाळा म्हणजे करवीर तालुक्यात उसाच्या मधोमध असलेली जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी. पहिली ते चौथी, पट ३७. पहिली-दुसरीची १८ मुलं बाईंकडे, तिसरी-चौथीची १९ माझ्याकडे. मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडेच, त्यामुळं प्रत्येक चुकीवर मी दोनदा सही करतो. एकदा वर्गशिक्षक म्हणून, एकदा मुख्याध्यापक म्हणून.

सत्र संपणं म्हणजे परीक्षा संपणं, असं बाहेरच्यांना वाटतं. परीक्षा हा त्यातला सोपा भाग. खरं सत्र संपतं ते ताळा लागला की. हजेरीचा ताळा, गुणांचा ताळा, पुस्तकांचा, दाखल्यांचा, तांदळाचा. यातला एक जरी राहिला तर मे महिन्यातही फोन वाजतो, आणि तो नेमका लग्नाच्या पंगतीत वाजतो.

हजेरीपासून सुरुवात करू. हजेरीपत्रकात प्रत्येक मुलाचे हजर दिवस उजवीकडच्या रकान्यात येतात आणि प्रत्येक दिवसाची हजर मुलं तळाच्या ओळीत. महिनाअखेर उजवीकडची उभी बेरीज आणि तळाची आडवी बेरीज सारखीच यायला हवी. गणिताच्या नियमानं ती येतेच. आमच्याकडं ती दोनानं चुकते. एकानं चुकली तर सापडते, पाचानं चुकली तरी सापडते, दोनाची चूक मात्र उंदरासारखी असते. दिसते, सापडत नाही. बहुतेक वेळा ती महिन्याच्या मधेच नाव दाखल झालेल्या नाहीतर कमी झालेल्या मुलाच्या ओळीत असते. आडव्या बेरजेत त्याला धरलेलं असतं, उजवीकडं त्याचा रकाना कोरा. ऊसतोड करणाऱ्यांची पोरं हंगामापुरती आमच्यात बसतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की रात्रीत ट्रॅक्टर भरतो आणि सकाळी दोन जागा रिकाम्या. त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे गावाकडच्या शाळेत त्यांना परत बसवून घेतात. आता पट्टा कधी पडणार हे कारखाना आम्हाला कळवत नाही, त्यामुळं मार्च लागला की ती पत्रकं भरून खिशात घेऊनच हिंडायचं.

त्यात चैत्र पौर्णिमा. जोतिबाची यात्रा वार्षिक परीक्षेच्या आगेमागेच येते आणि गावातली निम्मी माणसं सासनकाठीमागं वाडी रत्नागिरीला जातात. दुसऱ्या दिवशी पोरं येतात, पण कशी? कानामागं, नखात, दप्तराच्या चेनमध्ये गुलाल. पेपर तपासताना प्रत्येक पानावर गुलाबी अंगठा. लेखी उत्तर चुकलेलं असतं, पण खाली अंगठा असल्यामुळं दस्तऐवज पक्का वाटतो.

गुणांचं गणित तसं सरळ आहे. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिक म्हणजे वर्षभरातलं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. दोन्ही मिळून १००. चूक होते ती दोन वर्गांचे तक्ते एकमेकांत मिसळल्यानं. आकारिकचा रकाना दुसरीच्या तक्त्यातला आणि संकलितचा तिसरीच्या तक्त्यातला घेतला, की ७० आणि ४० मिळून एकूण ११० होतात. मग एखाद्या हुशार पोरीला १०० पैकी १०४ पडतात. पालक तक्रार करत नाहीत, तेवढं बरं.

खरी कसोटी वर्णनात्मक नोंदींची. प्रत्येक विषयाला एक नोंद, शिवाय विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. पहिली-दुसरीला सहा विषय, म्हणजे मुलामागं ९ नोंदी. तिसरी-चौथीला परिसर अभ्यास धरून सात, म्हणजे १०. १८ नवे १६२ आणि १९ दाहे १९०, एकूण ३५२. दोन सत्रांच्या ७०४. एवढी वाक्यं वर्षाला छापून आली असती तर मी आतापर्यंत साहित्य संमेलनाच्या मांडवात बसलो असतो, निदान श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत.

यावर तोड म्हणून तयार नोंदींची पीडीएफ मोबाइलवर फिरत असते. मराठीच्या चाळीस, गणिताच्या चाळीस, छंदाच्या वीस. उतरवून काढायच्या. यात दोन खड्डे आहेत. पहिला लिंगाचा: पीडीएफमध्ये मुलं आणि मुली सरमिसळ असतात, आणि रात्री साडेदहाला तिसरीतला दांडगा पैलवान ‘सुंदर रांगोळी काढते’. दुसरा खड्डा क्रमाचा. एक ओळ निसटली की पुढच्या सगळ्यांचे छंद एकेक घर पुढं सरकतात. पोहणाऱ्याला भरतकाम लागतं आणि भरतकामवालीला विहिरीत सूर मारण्याची आवड. पेनानं लिहिलेलं असतं. खाडाखोड केली तर तिथं सही लागते, आणि पाचपेक्षा जास्त सह्या झाल्या की प्रगतीपत्रक जामीनपत्रासारखं दिसायला लागतं.

शिवाय नोंद गोड लिहायची. नकारात्मक शब्द नको. मुख्य रस्त्यावरून जेसीबी गेला की जो पोरगा तास सोडून खिडकीत लटकतो, त्याला ‘परिसरातील घटकांचे बारकाईने निरीक्षण करतो’. जी पोरगी दिवसभरात एकदाही गप्प बसत नाही, तिला ‘प्रसंगानुरूप संवाद साधते’. एवढ्यानं भागतं. पण काही मुलं कुठल्याच नोंदीत मावत नाहीत, तिथं पेन अडतं.

माझ्या चौथीत एक गडी आहे. रोज सकाळी घरचं दूध डेअरीला घालतो आणि तिथूनच शाळेत येतो. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे त्याला पाठ. फॅट एका पॉइंटनं कमी लागलं तर बिलात किती मार बसणार ते तो बोटं न मोडता सांगतो. काट्यावर भांडं ठेवल्यावर आकडा शून्यावर आणला की नाही यावरून मापाड्याशी भांडतो आणि बहुतेकदा जिंकतो. हाच गडी पेपरात ६३ वजा २८ बरोबर ४५ लिहितो. का, तर ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून तो ८ मधून ३ काढतो. उलटी वजाबाकी. तिसरी-चौथीत सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच, आणि ती आळसानं होत नाही. मोठ्यातून लहान जातो हा नियम पोरांनी फारच मनावर घेतलेला असतो. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवले की दोन दिवस बरोबर येतं, तिसऱ्या दिवशी परत ४५. पीडीएफमध्ये डेअरीचा रकाना नाही. गणिताचा आहे. मी शाईनं लिहिलं: ‘हातच्याच्या वजाबाकीचा अधिक सराव आवश्यक.’

दाखल्यांचं थोडक्यात सांगतो. चौथी झालेली मुलं पाचवीला दुसऱ्या शाळेत जातात, त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले जनरल रजिस्टरवरून उतरवायचे. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही. दाखला न्यायला बहुधा आजोबा येतात आणि स्वतःची जन्मतारीख १ जून सांगतात, कारण त्यांना शाळेत घालणाऱ्या गुरुजींना तेवढी एकच तारीख सुचली होती. गावातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांचे एकत्र वाढदिवस करायचे ठरवले तर एका केकात गाव आटोपेल. आता तसं चालत नाही. रजिस्टरला ‘श्रेयस’ आणि आधारला ‘श्रेयश’ असला तर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, निघत नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलाची टक्केवारी आणि हजर दिवस भरून त्याला पुढच्या वर्गात ढकलावं लागतं. शाळा सोडलेलं मूल तिथं ड्रॉपबॉक्समध्ये जाऊन पडतं आणि नवी शाळा उचलून घेईपर्यंत तिथंच राहतं. प्रत्यक्षात पोरगं मामाच्या गावी आंबे खात असतं.

या सगळ्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा. कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. सभेची वेळ ठरवणं हे पंचांगातून मुहूर्त काढण्याइतकं नाजूक काम आहे. सकाळी आणि संध्याकाळी दूध घालायचं असतं, दुपारी ऊन, रात्री उसाला पाणी पाजायची पाळी. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. सभेला न येणाऱ्या सदस्यालाही असाच काही ठेवावा, असं मी एकदा सुचवून बघितलं. सगळ्यांनी एकमतानं मान्य केलं. त्या सभेला चार जण होते.

१ मे उजाडतो. ध्वजवंदन, महाराष्ट्र गीत, मग निकाल. पांढरे शर्ट, तेल लावलेली डोकी, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आज्या. चौथीपर्यंत कुणी नापास होत नाही आणि नंबरही नसतो, फक्त श्रेणी. ९१ च्या पुढं अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, अशी ती खाली उतरत जाते. हे आज्यांना मान्य नाही.

‘गुरुजी, नंबर कितवा म्हनायचा पोराचा?’

‘आजी, आता नंबर नसतो. अ-एक आहे.’

‘म्हंजी पैलाच की!’

अशा रीतीनं सात जण पहिले येतात, पाच दुसरे, आणि गावातली पेढ्याची दोन्ही दुकानं दुपारपर्यंत रिकामी होतात. ब-१ वाल्याची आजी जरा विचारात पडते, मग म्हणते, ‘दुसऱ्या तुकडीत पैला.’ तिला कोण खोटं पाडणार?

मांडव उतरला, पोरं पांगली, की उरतो तांदूळ. पोषण आहाराचा हिशेब असा: पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सगळी ३७ हजर असली तर तांदूळ ३ किलो ७०० ग्रॅम. ५० किलोचं पोतं साडेतेरा दिवस पुरतं. रोज वहीत आरंभीची शिल्लक, वापर, अखेरची शिल्लक लिहायची. वही ग्रॅमात चालते, शिजवणाऱ्या मावशींचं माप डालड्याच्या जुन्या डब्यात चालतं. त्यामुळं वही आणि पोतं यांत थोडं अंतर पडतंच.

पोतं वहीपेक्षा कमी भरलं तर घाबरायचं कारण नाही. शाळेत उंदीर आहेत, भोकं आहेत, सांडलवंड आहे. वाईट ते जास्त भरलं तर. जास्तीचा तांदूळ उंदरावर ढकलता येत नाही. वापरला असं लिहिलं आणि शिजवलाच नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

तर निकाल वाटून झाल्यावर डेअरीतून काटा मागवून आणला. वहीत शिल्लक १२ किलो ३०० ग्रॅम. पोतं काट्यावर चढवलं. १२ किलो ८८०. उतरवलं, काटा पुसला, परत चढवलं. १२ किलो ८८०. बाईंनी एप्रिलच्या सगळ्या बेरजा परत केल्या, मी मार्चच्या केल्या. ५८० ग्रॅम तांदूळ आकाशातून पडलेला. मावशींनी डबा छातीशी धरून शपथ घेतली. बाई म्हणाल्या, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पोरं पोट भरून आली होती, तेव्हाचा असेल. मी म्हटलं, लिहायचं काय पण? जोतिबाचा प्रसाद?

काट्याबरोबर तो चौथीतला गडी आला होता, कारण काटा परत न्यायची जबाबदारी त्याची. दारात उभा राहून चड्डीच्या खिशातले फुटाणे खात होता. आमचं झाल्यावर म्हणाला, ‘गुरुजी, पोत्याचं वजन काढलंसा का?’

तांदूळ घमेल्यात ओतून रिकामं पोतं काट्यावर टाकलं. ५८० ग्रॅम.

त्यानं काटा उचलून खांद्यावर घेतला आणि निघाला. पाठीमागं चड्डीच्या पट्ट्यात प्रगतीपत्रक सुरळी करून खोचलेलं होतं. गणिताच्या रकान्यापुढं माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, दोन सह्यांसकट: हातच्याच्या वजाबाकीचा अधिक सराव आवश्यक.